समाजकार्याचं परदेशातलं प्लेसमेंट : ते मिळतं कसं आणि संपवायचं कसं

मे २०२५ अखेर इंग्लंडमधल्या एका काउन्सिलच्या (तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या) प्रौढ सेवा विभागातलं माझं शेवटचं प्लेसमेंट, म्हणजे समाजकार्याच्या अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामाचं प्रात्यक्षिक, संपलं. नाशिकमध्ये समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि त्यांना बाहेर पाठवावं की नाही या विचारात असलेल्या घरच्यांसाठी, सगळा क्रम एकदा नीट लिहून ठेवते आहे. प्रवेश आणि व्हिसाबद्दल मराठीत पुष्कळ सापडतं. पण प्लेसमेंटमध्ये रोज काय करावं लागतं, आणि ते संपवताना किती काम असतं, हे जाण्याआधी मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. माझ्या मते सगळ्यात अवघड भाग तोच आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी चौकट. इंग्लंडमध्ये समाजकार्याच्या मान्यताप्राप्त पदवीसाठी २०० दिवसांचं प्रात्यक्षिक लागतं. त्यात ३० पर्यंत दिवस कौशल्य-सत्रांचे धरता येतात. उरलेल्या १७० दिवसांची बहुतेक विद्यापीठं ७० आणि १०० अशी दोन प्लेसमेंट करतात. हे नियम 'सोशल वर्क इंग्लंड' या नियामक संस्थेचे. दोन्ही ठिकाणचं काम वेगवेगळ्या प्रकारचं हवं, आणि किमान एका ठिकाणी कायद्याने सोपवलेली कामं करायला मिळायला हवीत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या नियामक संस्था वेगळ्या आहेत, त्यामुळे या लेखातलं सगळं तिथे लागू होईलच असं नाही. आपल्याकडे फील्डवर्क म्हणजे आठवड्याचे दोन दिवस एजन्सीत, मग शिक्षकांबरोबर एकेकट्याने आणि गटाने होणारी चर्चा (आयसी-जीसी), एक ग्रामीण शिबिर आणि शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एका संस्थेत सलग काही दिवस. तिकडे आठवड्याचे चार-पाच दिवस, ऑफिसच्या पूर्ण वेळेत, महिनोन्महिने. आजारपणाची रजा आणि बँक हॉलिडे त्या दिवसांत मोजत नाहीत. राहिलेले दिवस पुढे भरून द्यावे लागतात, आणि मग शेवटची तारीख सरकत जाते.

जानेवारी २०२३ मध्ये तयारी सुरू केली. पहिली गोष्ट कळली ती ही की समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला सगळी विद्यापीठं परदेशी विद्यार्थी घेत नाहीत. प्लेसमेंटच्या जागाच मोजक्या असतात. अर्ज भरण्याआधी विद्यापीठाला एक ईमेल करून विचारलं की वेळ आणि अर्जाचे पैसे वाचतात. आयईएल्ट्समध्ये बहुतेक ठिकाणी ७ मागतात, आणि ते रास्त आहे. पुढे वाचाल तेव्हा लक्षात येईल की हे काम म्हणजे अर्धं बोलणं आणि अर्धं लिहिणं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट मात्र प्रवेशपत्राची वाट न पाहता आधीच मागवून ठेवावं.

मुलाखत साधी वाटते, पण तिथे पाठांतर चालत नाही. 'मला समाजसेवेची आवड आहे' एवढ्यावर ते थांबत नाहीत. आवड कशातून आली, एखाद्याने मदत नाकारली तर काय कराल, तुमच्या घरच्या समजुती कामाच्या आड आल्या तर काय कराल, असं खोदून विचारतात. नाशिकच्या फील्डवर्कमधलं एखादं खरं उदाहरण, मग ते पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरचं असो की सिव्हिल हॉस्पिटलमधलं, तुमचं त्यात नेमकं काम काय होतं हे सांगत नीट मांडता आलं पाहिजे. आकर्षक इंग्रजीपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

उन्हाळा आणि पावसाळा कागदपत्रांत गेला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये स्टुडंट व्हिसाचं शुल्क ३६३ पौंड होतं. तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला ४७० पौंड. व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा चार-पाच महिने जास्त मिळतो, आणि सहा महिन्यांपर्यंतच्या तुकड्याला अर्ध्या वर्षाचा अधिभार लागतो, म्हणून दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अडीच पट धरायचा : १,१७५ पौंड. त्यानंतर व्हिसा ऑक्टोबर २०२३ मध्ये ४९० झाला आणि अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून ७७६. राहण्याच्या खर्चासाठी लंडनबाहेर महिना १,०२३ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचे, म्हणजे ९,२०७ पौंड दाखवायचे होते. जानेवारी २०२५ पासून तो महिन्याचा आकडा १,१३६ झाला. हे आकडे सतत बदलतात, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच पाहावेत. एजंटच्या पत्रकावर विसंबू नये.

पैसे खात्यावर सलग २८ दिवस पडून असायला हवेत. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आईवडिलांच्या खात्यातले पैसे दाखवता येतात, पण मग त्यांचं संमतिपत्र आणि आपला जन्मदाखला लागतो. इथे नाशिकमधल्या अनेकांची गाडी अडते. जुन्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं. महापालिकेत नाव लावून घ्यायला वेळ जातो, आणि दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. हे काम मार्च-एप्रिलमध्येच उरकावं.

क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या दवाखान्यातच चालते. नाशिककरांना त्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. प्रमाणपत्र सहा महिने चालतं आणि व्हिसाचा अर्ज भरण्याआधी हातात हवं. म्हणजे छातीचा एक्स-रे आणि बोटांचे ठसे एकाच मुंबई-फेरीत बसवण्याचा विचार सोडून द्यावा. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

आता समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना विशेष लागणारी गोष्ट : पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, पीसीसी. दुर्बल प्रौढांबरोबर किंवा मुलांबरोबर काम करायचं तर इंग्लंडमध्ये डीबीएस नावाची पार्श्वभूमी-तपासणी होते. पण डीबीएसला भारतातली माहिती मिळत नाही, म्हणून विद्यापीठं आणि काउन्सिल इथलं पीसीसी वेगळं मागतात. पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवर अर्ज, ५०० रुपये शुल्क, नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ, आणि गरज पडल्यास आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून पडताळणी. निघण्याच्या महिना-दीड महिना आधी काढावं, फार लवकर काढलं तर जुनं म्हणून परत येऊ शकतं. तिकडे गेल्यावर भारतीय उच्चायुक्तालयामार्फतही मिळतं, पण तेव्हा प्लेसमेंटची तारीख डोक्यावर असते.

डीबीएसच्या अर्जात मराठी नावांचा घोळ होतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी एक. आजवर वापरलेलं प्रत्येक नाव त्या अर्जात लिहायचं असतं, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत ते सांगून. गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्तेही, मध्ये एकही महिना रिकामा न सोडता. होस्टेल, पेइंग गेस्ट म्हणून राहिलेली खोली, सगळं. हे नाशिकमध्ये असतानाच एका कागदावर उतरवून ठेवलं तर तिथे अर्ज तासाभरात होतो. प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत डीबीएसच्या अपडेट सेवेत नाव नोंदवावं. वर्षाचे थोडे पौंड जातात, पण त्याच प्रकारच्या कामासाठी दुसऱ्या प्लेसमेंटच्या वेळी सगळी तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

पहिलं प्लेसमेंट जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या धर्मादाय संस्थेत. अशा ठिकाणी नोंदणीकृत सोशल वर्कर नसतो, म्हणून रोजचं काम पाहणारा पर्यवेक्षक संस्थेतला आणि मूल्यमापन करणारा प्रॅक्टिस एज्युकेटर बाहेरचा असतो. दोघांच्या अपेक्षा वेगळ्या असतात. संस्थेला चहापानाचा कार्यक्रम नीट व्हायला हवा असतो, एज्युकेटरला त्या कार्यक्रमातून तुम्ही काय शिकलात याचा लेखी पुरावा. पहिल्याच आठवड्यात तिघांनी एकत्र बसून हे ठरवून घेतलं की पुढची ओढाताण टळते.

वाहन चालवण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. काउन्सिलच्या अनेक जागा गाडी चालवणारा विद्यार्थी मागतात. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये पहिले १२ महिनेच चालवता येतं. सप्टेंबरमध्ये पोहोचलेल्याचं पहिलं प्लेसमेंट त्या १२ महिन्यांत बसतं, दुसरं बसत नाही. म्हणून पोहोचल्यावर काही महिन्यांतच ब्रिटिश शिकाऊ परवाना काढावा (ऑनलाइन ३४ पौंड), लेखी परीक्षा द्यावी (२३ पौंड) आणि प्रत्यक्ष परीक्षेची तारीख लगेच धरावी (आठवड्याच्या दिवशी ६२ पौंड). या तारखा कित्येक महिने पुढच्या मिळतात. गाडी नसेल तर फॉर्ममध्ये तसं स्पष्ट लिहावं, म्हणजे बससेवा चांगली असलेला भाग मिळू शकतो. बसचं एका फेरीचं कमाल भाडं इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी २ पौंड होतं, जानेवारी २०२५ पासून ३ झालं. ब्रिटिश विद्यार्थ्यांना मिळणारी समाजकार्याची सरकारी शिष्यवृत्ती आणि तिच्यातला प्लेसमेंटचा प्रवास भत्ता आपल्याला मिळत नाही. रोजचं जाणं-येणं स्वतःच्या खिशातून. ते महिन्याच्या हिशेबात आधीच धरावं.

दुसऱ्या प्लेसमेंटसाठी उन्हाळ्यात फॉर्म भरून दिला आणि मग वाट पाहणं सुरू झालं. काउन्सिलमध्ये प्रॅक्टिस एज्युकेटर कमी पडतात, म्हणून जागा उशिरा निश्चित होतात. वर्गातल्या काहींचं सप्टेंबरमध्ये सुरू होतं, काहींचं नोव्हेंबरमध्ये. हा काळ मनाला फार लागतो. भाडं चालू असतं, घरून रोज फोन येतो, आणि सांगण्यासारखं काहीच नसतं. या दिवसांत केअर ॲक्ट २०१४ (प्रौढांच्या काळजीचा) आणि मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ (निर्णयक्षमतेचा) हे दोन कायदे शांतपणे वाचून काढावेत. नंतर तेवढा निवांतपणा मिळत नाही. माझं नोव्हेंबर २०२४ च्या मध्यावर सुरू झालं. त्याच सुमारास बीआरपी, म्हणजे तिथे राहण्याच्या परवानगीची कार्डं, बंद होऊन ई-व्हिसा सुरू झाला होता. नोंदणी करून शेअर कोड (आपला व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा कोड) मिळवणं प्लेसमेंटच्या आधीच उरकलेलं बरं.

काउन्सिलमधलं काम केअर ॲक्टभोवती फिरतं. एखाद्या व्यक्तीला काळजीची गरज दिसते म्हटल्यावर कलम ९ खाली मूल्यांकन करायचं. पात्रतेसाठी तीन प्रश्न : गरज शारीरिक वा मानसिक आजारातून किंवा अपंगत्वातून आली आहे का, ठरवून दिलेल्या दहा बाबींपैकी दोन किंवा अधिक जमत नाहीत का, आणि त्याचा त्यांच्या जगण्यावर मोठा परिणाम होतो का. दहा बाबी म्हणजे खाणंपिणं, अंगाची स्वच्छता, शौचाला जाणं, योग्य कपडे घालणं, घरात सुरक्षित वावरणं, घर राहण्याजोगं ठेवणं, नाती टिकवणं, काम किंवा शिक्षण, बाहेरच्या सुविधा वापरणं आणि मुलांची जबाबदारी.

'जमत नाही' याचा कायद्यातला अर्थ समजून घ्यायला हवा. एखादी गोष्ट जमते पण करताना खूप दुखतं, खूप त्रास होतो, नेहमीपेक्षा फार वेळ लागतो किंवा जीवावर बेतू शकतं, तरी ती 'जमत नाही' मध्येच येते. वयस्कर माणसं आपल्याकडची असोत की तिकडची, 'माझं मी करते' असंच म्हणतात. म्हणून 'आंघोळ जमते का' असं विचारू नये. 'काल आंघोळ कधी केलीत, किती वेळ लागला, घरात दुसरं कोण होतं' असं विचारलं की खरी परिस्थिती पुढे येते. पैशांचं मोजमाप वेगळं होतं : बचत २३,२५० पौंडांवर असेल तर साधारणपणे स्वतःचा खर्च स्वतः करावा लागतो, १४,२५० च्या खाली बचत धरत नाहीत. काळजी घरीच घ्यायची असेल तर राहतं घर त्या हिशेबात येत नाही. हे आकडे तोंडपाठ हवेत, कारण प्रत्येक घरात पहिला प्रश्न तोच येतो.

आपल्यासारख्यांना खरं जड जातं ते मेंटल कपॅसिटी ॲक्टचं तत्त्व. समजा स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या आजोबांना स्वतःच्या घरी परत जायचं आहे, आणि मुलाला वाटतं त्यांनी केअर होममध्ये राहावं. नाशिकमध्ये अशा वेळी घरचे बसून ठरवतात आणि आपणही त्यांच्याशीच बोलतो. इंग्लंडमध्ये मुलगा आहे एवढ्यानेच त्याला निर्णयाचा कायदेशीर अधिकार मिळत नाही, त्यासाठी आजोबांनी आधी करून ठेवलेलं लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी (निर्णयाचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र) किंवा न्यायालयाची नेमणूक लागते. कायदा आधी असं धरून चालतो की आजोबांना निर्णय घेता येतो. शंका असेल तर त्या विशिष्ट निर्णयापुरतं, त्या वेळेपुरतं तपासायचं : माहिती समजते का, लागेल तेवढा वेळ लक्षात राहते का, तिचा तोल करता येतो का, आणि निर्णय कळवता येतो का. समजावून सांगण्याचे सगळे प्रयत्न करून झाल्याशिवाय 'येत नाही' म्हणायचं नाही. निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असंही म्हणता येत नाही. अशा खोलीत बसून आजोबांकडे पाहत बोलणं आणि त्याच वेळी मुलाची काळजी खरी आहे हे मान्य करणं, ही सरावानेच येणारी गोष्ट आहे. मला हे प्लेसमेंटमधलं सगळ्यात मोलाचं शिक्षण वाटतं.

पन्नासाव्या दिवसाच्या आसपास मध्यावधी बैठक होते. इथे आपल्या विद्यार्थ्यांचं लिखाण कमी पडतं, कारण आपली प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीची लेखी नोंद, 'मी गेले, त्या म्हणाल्या, मी सांगितलं' अशी असते. तिकडच्या पोर्टफोलिओत, म्हणजे मूल्यमापनासाठी द्यायच्या फाइलमध्ये, व्यावसायिक क्षमतांच्या नऊ क्षेत्रांसाठी पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे निर्णयामागचं कारण. कोणते पर्याय होते, कोणता कायदा लागू होता, कुठे दोन मूल्यं एकमेकांच्या आड आली, पुढच्या वेळी काय वेगळं करणार. एज्युकेटरबरोबरच्या आठवड्याच्या बैठकीत, म्हणजे सुपरव्हिजनमध्ये, हे बोलायचं आणि त्याच संध्याकाळी पानभर लिहून टाकायचं. एज्युकेटर स्वतः येऊन काम पाहतात त्या निरीक्षणांच्या तारखाही मध्यावधीतच ठरवाव्यात. ज्यांच्या घरी जायचं त्यांची आधी परवानगी लागते, आणि ती कोणत्याही क्षणी मागे घेतली जाऊ शकते. म्हणून एक भेट हाताशी जास्त ठेवावी.

आता शेवट. आपल्या केसवर्कच्या पुस्तकात टर्मिनेशन, म्हणजे काम रीतसर संपवणं, हा टप्पा असतो, पण फील्डवर्कचं वर्ष संपलं की आपण एजन्सीत जाणं थांबवतो आणि वस्तीतल्या लोकांना ते पुढच्या बॅचकडून कळतं. तिकडे हे चालत नाही, आणि चालू नयेच. शेवटाची तयारी पहिल्या भेटीत होते. 'मी विद्यार्थी आहे, मे महिन्यापर्यंत आहे' हे ओळख करून देतानाच सांगायचं. शेवटच्या सहा आठवड्यांत व्यवस्थापकाबरोबर केसलोडची, म्हणजे आपल्याकडच्या सगळ्या केसची, यादी घेऊन बसायचं. प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक : काम पूर्ण होऊन बंद होणार, दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे जाणार, की फक्त रिव्ह्यूच्या रांगेत राहणार. सेवा सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पहिला आढावा घ्यायचा असतो. तो आपल्या तारखेनंतर येत असेल तर कोण घेणार हे नावानिशी ठरवून घ्यावं. नवीन केस या काळात घेऊ नये. घ्यायचीच वेळ आली तर फक्त छोटं, एका भेटीत संपणारं काम.

लोकांना सांगताना घाई करू नये. शेवटून तिसऱ्या भेटीत तारीख सांगायची, शेवटून दुसऱ्या भेटीत पुढे कोण येणार ते सांगायचं आणि जमलं तर त्या व्यक्तीलाच बरोबर न्यायचं, शेवटच्या भेटीत नवं काहीच काढायचं नाही. स्मृतिभ्रंश असेल तर तारीख त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहायची, टीमचा फोन नंबर फोनशेजारी चिकटवायचा आणि घरी येणाऱ्या केअररना सांगून ठेवायचं. ज्यांनी जोडीदार किंवा मूल गमावलं आहे त्यांना एका विद्यार्थिनीचं जाणंही जुन्या जखमेवर बोट ठेवल्यासारखं लागू शकतं. काही जण रागावतात, काही शेवटच्या भेटीला दारच उघडत नाहीत. तो नकार आपल्या कामाचा निकाल नसतो. अशा वेळी दोन ओळींचं, सोप्या भाषेतलं पत्र पाठवावं आणि नोंदीत तसं लिहावं.

भेटवस्तूंबद्दल काउन्सिलचं धोरण आधीच वाचून ठेवावं. शुभेच्छापत्र साधारणपणे चालतं, पैसे कधीच नाही, बाकी काहीही असलं तरी व्यवस्थापकाला सांगून नोंद करायची. स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही, फेसबुकवर जोडून घ्यायचं नाही. आपल्या वळणात हे कोरडं वाटतं. पण पुढे कधी घरात पडलेली एखादी बाई मला नाशिकला मेसेज करत बसली, तर मदत पोहोचणार नाही. तिने टीमचा ड्यूटी नंबरच फिरवायला हवा, आणि तो फिरवायची सवय मी असतानाच लागायला हवी.

हस्तांतराची टिपणी एका पानाची असावी. घरात कोण आहे, कोणाशी बोलायला त्यांची परवानगी आहे, काय ठरलं, काय राहिलं आणि कोणत्या तारखेपर्यंत, धोका कोणता, आणि त्यांना स्वतःला काय हवं ते त्यांच्याच शब्दांत. बारीकसारीक गोष्टी फार कामाच्या असतात : उजव्या कानाने ऐकू येतं, सकाळी अकराच्या आधी बोलावं वाटत नाही, कुत्रा भुंकतो पण चावत नाही. संगणकावरची मूल्यांकनं व्यवस्थापकाच्या मंजुरीच्या रांगेत पडून राहतात. दुरुस्तीसाठी परत आली आणि तोवर आपलं लॉगिन बंद झालं, तर दुसऱ्या कुणाला तुमचं काम पुन्हा करावं लागतं आणि त्या घरची मदत तेवढी लांबते. शेवटचं मूल्यांकन निघण्याच्या तीन आठवडे आधी मंजुरीला गेलं पाहिजे.

पोर्टफोलिओसाठी लागणारं सगळं, म्हणजे सही केलेली हजेरी, निरीक्षणांचे फॉर्म, सेवा घेणाऱ्यांचे आणि सहकाऱ्यांचे अभिप्राय, शेवटच्या दिवसाआधी विद्यापीठाच्या प्रणालीत चढवावं. शेवटच्या दिवशी लॅपटॉप, फोन आणि ओळखपत्र परत द्यावं लागतं आणि ईमेल बंद होतो. सोय म्हणून कामाची कागदपत्रं स्वतःच्या जीमेलवर पाठवणं हा माहिती-संरक्षण कायद्याचा भंग आहे आणि त्यावरून प्लेसमेंट नापास होऊ शकतं. पोर्टफोलिओतल्या लिखाणातून लोकांचं नाव, पत्ता, जन्मतारीख तर काढायचीच, पण गाव, दुर्मीळ आजार, मुलांची संख्या यांवरूनही ओळख पटते, म्हणून तेही बदलायचं. शिफारसपत्र कोण देऊ शकतं आणि कोणत्या अधिकृत पत्त्यावरून, हे निघण्याआधी विचारून घ्यावं.

शेवटच्या आठवड्यात मन दोन्हीकडे ओढलं जातं. थकवा इतका असतो की कधी एकदा संपतं असं वाटतं, आणि त्याच वेळी ज्यांच्या घरी महिनोन्महिने गेलो त्यांचं पुढे काय झालं हे आपल्याला कधीच कळणार नाही हेही जाणवतं. हे सुपरव्हिजनमध्ये मोकळेपणाने बोलावं. एज्युकेटर त्यासाठीच असतात, आणि शेवटच्या चिंतनात्मक निबंधाला याहून प्रामाणिक विषय मिळत नाही.

एज्युकेटर 'उत्तीर्ण करावं' अशी शिफारस करतात, पण निकाल विद्यापीठाची समिती आणि परीक्षा मंडळ लावतं. त्यात काही आठवडे ते महिने जातात, शिवाय प्रबंध बाकी असतो. या काळात एक सापळा आहे. अभ्यासक्रमानंतर दोन वर्षं राहून काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा ब्रिटनमध्ये असतानाच मागता येतो, आणि तोही विद्यापीठाने अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं सरकारला कळवल्यानंतर. चालू व्हिसा संपायच्या आत हे व्हायला हवं. गणपतीला म्हणून नाशिकला आलात आणि इथेच व्हिसा संपला, तर तो मार्ग बंद. एप्रिल २०२५ मध्ये त्याचं शुल्क ८८० पौंड आणि दोन वर्षांचा अधिभार २,०७० पौंड होता, म्हणजे एकूण २,९५०. त्यासाठीचे पैसे प्लेसमेंट चालू असतानाच बाजूला काढून ठेवावे लागतात.

'सोशल वर्कर' हे इंग्लंडमध्ये कायद्याने राखीव पदनाम आहे. निकाल लागून सोशल वर्क इंग्लंडकडे नोंदणी होईपर्यंत ते स्वतःच्या नावापुढे, लिंक्डइनवरही, लावता येत नाही. नाशिकला कायमचं परतणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक नाही, पण परत जायचा थोडाही विचार असेल तर ती निकाल ताजा असतानाच करणं सोपं. मग दर वर्षी डिसेंबर ते नोव्हेंबर या नोंदणी-वर्षात शुल्क आणि किमान दोन शिक्षण-नोंदी द्याव्या लागतात, त्यातली एक सहकाऱ्याशी चर्चा करून लिहिलेली.

इथल्या कामात या शिक्षणाला जागा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ४ निर्णयक्षमतेबद्दल जवळपास तीच भाषा बोलतं, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय त्यात आहे. ज्येष्ठांच्या निर्वाहाचे अर्ज आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे येतात. तिथे अर्ज करणाऱ्या आजीला स्वतःला काय हवं आहे ते, मुलगा आणि सून खोलीबाहेर असताना, शांतपणे विचारून लिहून देणारं कुणीतरी लागतं. मी सध्या त्या कामासाठी अर्ज, मूल्यांकन आणि भेटीच्या नोंदीचे मराठी नमुने तयार करते आहे. भेटीच्या नमुन्यात पहिल्याच ओळीत एक रकाना आहे : भेट देणारी व्यक्ती कोणत्या तारखेपर्यंत येणार आहे, आणि नंतर कोण येणार.